साडेतीनशे रुपयांचा फरक कशाचा?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात महिलांचं भजनी मंडळ आहे. दोन वर्षांपूर्वी मंडळानं तबल्याची जोडी मोबाईलवरून मागवली. तालुक्याच्या दुकानापेक्षा स्वस्त पडली, घरपोच आली, डग्गा चकचकीत स्टीलचा. पहिल्याच गुरुवारी लक्षात आलं की तबला मंडळाच्या सुरात लागतच नाही. बायकांचा सूर वरचा. त्यांना लहान तोंडाचा, टिपेचा तबला लागतो. आलेला होता साडेपाच इंच तोंडाचा, म्हणजे पेटीच्या काळी एक पट्टीच्या आसपास गाणाऱ्या पुरुषाला साथ करायला ठीक. गट्टे ठोकून, वाद्या ताणून तो वर चढवायची खटपट झाली आणि तिसऱ्या आठवड्यात पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, काठाच्या गजऱ्यापाशी फाटली.

मग जोडी पिशवीत घालून एसटीनं तालुक्याला. मी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून सोबत गेलो. दुकान तसं सगळ्याच हौशींचं आहे. एका भिंतीला ढोलक्या, खंजिऱ्या, टाळ. दुसरीकडे कॅरम, बॅटी, व्हॉलीबॉल. काउंटरखाली रंगपेट्या आणि ब्रश. दुकानदारानं तबला हातात घेतला, दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, खोडच मोठं हाय. पुडी बदलून उपयोग नाई." खोड म्हणजे तबल्याचं लाकडी भांडं. आपल्याकडचं लहान तोंडाचं जुनं खोड त्यानं काढलं, मोठं खोड बदल्यात ठेवून घेतलं, नवी पुडी चढवली, मला पेटीवर सूर धरायला लावला आणि तबला सुरात आणून दिला. दुपार गेली. पैसे घेतले फक्त पुडीचे.

मंडळाच्या खजिनदार ताईंनी विचारलं, "भाऊ, मजुरी काऊन नाई लावली?"

तो म्हणाला, "जोडी माह्याकडून घेतली असती त मजुरी त्यातच निघाली असती. आता वरून मांगू कशी?"

गावातल्या किंवा तालुक्यातल्या हौशीच्या दुकानात जास्त पैसे द्यावेत की नाही, हा सगळा प्रश्न मला त्या एका वाक्यात दिसतो. बोलणारे दोन टोकांना बोलतात. एक म्हणतो, "आपल्या माणसाला जगवलं पाहिजे." दुसरा म्हणतो, "आमच्या घामाचा पैसा आहे, आम्ही का लुटून घ्यायचं?" दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पण आधी हे कळलं पाहिजे की दुकानातला जास्तीचा पैसा नेमका कशाचा असतो.

एक कॅरम घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील. समजा, दुकानदारानं नागपूरच्या इतवारी बाजारातून कॅरम १,५०० रुपयांना आणला. गाडीभाडं, हमाली ६० रुपये. तो विकतो २,००० ला. तोच कॅरम मोबाईलवर १,६५० ला दिसतो. फरक साडेतीनशेचा. गिऱ्हाईक मनात म्हणतं, हे साडेतीनशे याच्या खिशात गेले.

त्याच्या हातात राहिले ४४० रुपये, हे खरं. पण कॅरम आणल्या दिवशी विकला जात नाही. समजा, सहा महिने भिंतीला टेकून राहिला. त्यात अडकलेल्या पैशावर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर सहा महिन्यांचे नव्वदच्या वर रुपये गेले. आपल्याकडचा उन्हाळा आणि लगेच येणारा पावसाळा प्लायवुडला सोसत नाही. दहातला एक बोर्ड वाकला किंवा कोपऱ्यात उचलला आणि ३०० रुपये तोट्यात विकावा लागला, तर प्रत्येक कॅरममागे ३० रुपये त्याचे. दुकानभाडं आणि लाईटबिल महिन्याला ८,००० आणि महिन्यात १०० वस्तू विकल्या जातात असं धरा, वस्तूमागे ८० गेले. उरले २३५ च्या आसपास. त्यात त्याची मेहनत आणि त्याचं घर. आता त्यानं मोबाईलचा भाव लावून १,६५० ला दिला, तर हातात राहतात ९० रुपये. व्याजही पुरतं सुटत नाही.

इथे एक गोष्ट आहे जी बाहेरून दिसत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. व्यापारी तिला 'माल फिरणं' म्हणतात. किराणावाल्यानं हजार रुपयांची साखर आणली आणि पंधरा दिवसांत विकली. शेकडा पाच धरले तर ५० रुपये सुटले. तेच हजार रुपये परत साखरेत, परत पंधरा दिवस. वर्षात २४ फेरे, म्हणजे १,२०० रुपये. हौशीच्या दुकानदारानं तेच हजार रुपये पेटीत घातले. पेटी वर्षातून एकदा विकली गेली. शेकडा वीस सुटले, म्हणजे २०० रुपये. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किराणावाला शेकडा पाचच घेतो आणि हा शेकडा वीस कापतो. टक्का याचा चौपट आहे आणि कमाई सहावा हिस्सा.

म्हणून तालुक्याच्या गावाला किराणा दुकानं ढीगभर असतात आणि वाद्यांचं दुकान एखादंच. म्हणूनच त्याच्याकडे दहा प्रकारचे तबले ठेवलेले नसतात. दहा प्रकार ठेवायचे म्हणजे दहा जोड्यांचा पैसा भिंतीला टांगून ठेवायचा.

त्यात आपल्याकडच्या पैशाला हंगाम आहे. कापूस आणि तूर विकली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हातात पैसा खेळतो. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटही त्याच दिवसांत भरतात. भजनी मंडळांची मागणी आषाढी, मग गणपती-नवरात्र, मग कार्तिक. ऑक्टोबरमध्ये गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो आणि त्याच्या आधी आमच्या भागात खंजिरी विचारणारे वाढतात. खंजिरी महाराजांनीच घराघरात नेली. पण मे आणि जूनमध्ये बियाणं-खताच्या दिवसांत कोणी पेटी घ्यायला येत नाही. दुकानभाडं मात्र तेव्हाही द्यावंच लागतं.

आता मोबाईलवर स्वस्त का पडतं ते पाहू. यात सगळीच लबाडी असते असं मानणं चूक आहे. बॅटी आणि खेळाचं बरंचसं सामान मेरठ आणि जालंधरला बनतं. तिथला व्यापारी हजारो नग थेट कारखान्यातून उचलतो आणि एकाच गोदामातून सगळ्या देशाला पाठवतो. आमच्या तालुक्यात एखादी वस्तू वर्षात दोन विकल्या जात असतील, पण देशभरात मिळून तिला रोज गिऱ्हाईक असतं. म्हणजे त्याचा माल फिरतो. जी अडचण तालुक्याच्या दुकानदाराची कंबर मोडते, ती त्याला नसतेच. गिऱ्हाइकाला समजावत बसायला त्याच्याकडे माणूस नाही, तो पगारही वाचला.

छापील किमतीबद्दल मात्र सावध राहा. ३,९९९ वर काट मारून १,६५० लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं की अर्ध्याच्याही खाली भेटलं. छापील किंमत, एमआरपी, सरकार ठरवत नाही. औषधांसारख्या काही वस्तू सोडल्या तर ती बनवणारा किंवा आयात करणारा ठरवतो. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार ती सर्व करांसह छापावी लागते आणि तिच्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. खाली कितीही विकता येतं. म्हणून काट मारलेल्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुलना करायची तर हातात द्याव्या लागणाऱ्या दोन रकमांची करा.

दुसरा गैरसमज कराचा. "ऑनलाइनवाले टॅक्स वाचवतात म्हणून स्वस्त" असं पारावर सर्रास ऐकू येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाचं सामान, कॅरम, बुद्धिबळ यांच्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. हा दर दोघांनाही सारखा. तबला-ढोलकसारख्या हातानं बनवलेल्या देशी वाद्यांना तर तो माफच आहे. तालुक्याचा दुकानदार बहुधा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या योजनेत असतो. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती घेता येते. त्याला विक्रीवर १ टक्का भरावा लागतो. तो बिलात वेगळा कर लावू शकत नाही आणि खरेदीवर भरलेला कर वजाही करून घेऊ शकत नाही. आपल्या कॅरमवर हिशेब केला तर खरेदीत गेलेला कर सुमारे ७१ रुपये आणि विक्रीवरचे २०, एकूण ९१. मोबाईलवरच्या १,६५० मध्ये कर सुमारे ७९ रुपये. साडेतीनशेच्या फरकात कराचा वाटा दहा-बारा रुपयांचा.

मग सूट कोण देतं? परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांना स्वतःचा माल विकायची परवानगी नाही, आणि किमतीवर प्रत्यक्ष किंवा आडून प्रभाव टाकायचीही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं हे स्पष्ट केलं आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते लागू आहे. म्हणजे कागदोपत्री सूट द्यायची ती तिथे माल विकणाऱ्या व्यापाऱ्यानं. हे नियम किती पाळले जातात यावर व्यापाऱ्यांच्या संघटना आणि कंपन्या यांच्यात वाद चालूच असतो. आपल्यापुरतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की सणासुदीच्या चार दिवसांचा भाव हा वर्षाचा भाव नसतो.

आता तबल्याकडे परत येतो, कारण मला खरं सांगायचं ते तिथे आहे.

हौशीचं दुकान दोन गोष्टी देतं. एक वस्तू. दुसरं, वस्तूभोवतीचं काम: तुमचा सूर कोणता, त्याला कोणतं खोड लागेल, नऊ वर्षांच्या लेकराला कोणत्या मापाची बॅट उचलेल, पावसाळ्यात सैल पडणारी पुडी उन्हाळ्यात किती ताणून ठेवायची, पेटीचा भाता का फुटला, बॅटीची ग्रिप कशी चढवायची. हे काम करायला तासन् तास लागतात आणि त्याची दुकानात कुठे पाटी नाही. पिढ्यान् पिढ्या रीत अशीच की सल्ला फुकट, छोटी दुरुस्ती फुकट, आणि त्याची भरपाई वस्तूच्या नफ्यातून. वस्तूही तिथूनच घेतली जायची, तोवर ही रीत छान चालली. दुकानदाराला हिशेब मांडायची गरज पडली नाही आणि आपल्याला कधी कळलं नाही की आपण शिकवणीचेही पैसे देतोय.

मोबाईलनं वस्तू वेगळी केली. वस्तू तिकडून आणि काम इकडून. काम करणारा तोच आहे, फक्त त्याचा मेहनताना ज्या पिशवीत होता ती पिशवी दुसऱ्याच्या हातात गेली. "आता वरून मांगू कशी?" असं तो म्हणाला तेव्हा त्याला संकोच वाटत होता. आपल्याकडे वस्तूचे पैसे मागायला कोणाला लाज वाटत नाही, ज्ञानाचे मागायला वाटते.

एक प्रकार तर मी स्वतः अनेकदा पाहिला आहे. मुलगा दुकानात येतो. चार बॅटी हातात धरतो, वजन पाहतो, दुकानदाराकडून काश्मीर विलो आणि इंग्लिश विलो या लाकडांतला फरक समजून घेतो, मग बाहेर जाऊन त्याच नावाची बॅट मोबाईलवर मागवतो. मुलाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच्या बापानं हजार रुपये मोजून दिलेले असतात आणि दीडशे वाचले तर ती त्याची हुशारी. पण गावातल्या सगळ्याच मुलांनी हेच केलं तर हातात धरून पाहायला बॅट कुठेच राहणार नाही. पाणंदीचं असंच होतं. आपल्या धुऱ्याजवळ प्रत्येक जण पाणंद फूटभर कोरतो. फूटभर जमीन ज्याची त्याला मिळते, आणि पावसाळ्यात बैलबंडी अडकली की सगळ्यांची अडकते. वाचलेले दीडशे ज्याचे त्याचे, गेलेलं दुकान सगळ्यांचं.

यावरून "म्हणून सगळं स्थानिक दुकानातूनच घ्या" असं कोणी सांगू लागलं तर मी त्याच्या बाजूचा नाही. कापसाला भाव न मिळालेल्या वर्षी एखाद्या घराला साडेतीनशे रुपये जास्त द्यायला सांगणं मला जमत नाही. मी शिक्षक आहे, महिन्याच्या महिन्याला पगार येतो. माझ्या तोंडी उदारपणा शोभतो, पण माझ्या वर्गातल्या लेकरांच्या आईबापांना तो परवडत नाही. आणि वस्तू स्वस्त झाली की हौस पसरते, हेही तितकंच खरं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. आपल्याच भाषेतली, आपल्याच बाजूची पोरगी जगात पहिली आली म्हटल्यावर आमच्या शाळेत बुद्धिबळ शिकायचं वेड शिरलं. तेव्हा पालकांनी जिथून स्वस्त मिळाले तिथून पट मागवले. बरंच झालं. बुद्धिबळाच्या सोंगट्यांना सूर लावावा लागत नाही.

जाण्यायेण्याचाही हिशेब आहे. तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना ते अर्धं आहे, पण दिवसाची मजुरी पूर्ण बुडते. मोबाईलवरची वस्तू दारात येते. मजुरी ३०० आणि तिकीट ६० धरलं, तर कॅरमसाठी मुद्दाम दुकानात जाणाऱ्याला तो २,३६० ला पडतो. दुसऱ्या कामाला बाजारात गेलेल्याला २,००० ला. एकच दुकान, एकच वस्तू, दोन माणसांना दोन भाव. दुरुस्तीच्या वेळी पारडं उलटं होतं. कंपनीला परत पाठवायला भाता फाटलेली पेटी बांधून, कुरिअर शोधून, महिनाभर वाट पाहण्यापेक्षा तालुका जवळ पडतो.

दुकानदारांमध्येही सगळे सारखे नसतात. एका दुकानानं मला एकदा तळाशी तडा गेलेली ढोलकी दिली, बिल दिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ओळख दाखवली नाही. अशा ठिकाणी जास्त पैसे देणं म्हणजे आधार देणं नव्हे. पक्कं बिल मागायचा आपला हक्क गावातही तितकाच आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मोबाईलवरच्या विक्रेत्याला आणि बाजारातल्या दुकानदाराला दोघांनाही लागू आहे, आणि १९१५ या हेल्पलाइनवर दोघांचीही तक्रार करता येते.

"पैसा गावात राहतो" हे वाक्यही तपासून घ्यायला हवं, कारण ते फार सैल वापरलं जातं. कॅरमचे दुकानात दिलेले २,००० गावात राहत नाहीत. त्यातले १,५०० नागपूरला आणि पुढे कारखान्याला गेलेच. राहिला तो मधला भाग. त्यातूनही भाडं कोणाला, व्याज कोणाला हे पाहावं लागेल. पण पुडी चढवण्याची मजुरी दिली तर ती पूर्ण इथेच राहते. सुतारानं बॅटीची मूठ बसवली, कोणी भात्याला कापड लावलं, मंडळातल्या पोरीला कोणी ठेका शिकवला, तर तो रुपया इथल्याच हातात पडतो, इथल्याच किराण्यात आणि इथल्याच शाळेच्या फीमध्ये जातो. म्हणजे स्थानिक माणसाला खरंच काही द्यायचं असेल तर वस्तूच्या भावापेक्षा कामाच्या मजुरीत घासाघीस बंद करणं जास्त उपयोगाचं. आणि आपण करतो नेमकं उलटं. वस्तूचे दोन हजार देताना पन्नास सोडवून घेतो ते घेतोच, वर "ग्रिप तर फुकट चढवून द्या ना भाऊ" म्हणतो.

माझा स्वतःचा व्यवहार आता असा आहे. जी वस्तू कुठेही सारखीच असते, म्हणजे बुद्धिबळाचा पट, शटल, रंगपेटी, सोंगट्या, ती जिथे परवडेल तिथे. जी वस्तू माणसाला, सुराला किंवा हाताला जुळवावी लागते, म्हणजे तबला, पेटी, ढोलकी, लेकराची पहिली बॅट, ती हातात घेऊनच, आणि ज्यानं जुळवून दिली त्याच्याकडूनच. मधल्या वस्तूंसाठी मी दुकानदाराला मोबाईलचा भाव सरळ दाखवतो. तोंड लपवून पाहून जाण्यापेक्षा ते बरं. कधी तो म्हणतो, "सर, हा तिकडूनच घ्या, मले परवडत नाई." कधी शंभर रुपये कमी करतो. आमच्यात वाकडेपणा आलेला नाही.

भाव कमी व्हावा आणि त्याचंही नुकसान होऊ नये, यासाठी एक मार्ग मात्र आपल्या हातात आहे, आणि तो माल फिरण्याच्या हिशेबातूनच निघतो. त्याचा खर्च वाढतो कारण कधी विकलं जाईल हे माहीत नसलेली वस्तू त्याला आधी आणून ठेवावी लागते. आपण आधी सांगितलं आणि आधी पैसे दिले तर व्याज गेलं, वाकलेल्या बोर्डाची धास्ती गेली, गाडीभाडंही वाटलं गेलं. १,५६० ला पडलेला कॅरम त्याला १,७५० ला द्यायला जड जात नाही. एकट्यादुकट्यानं हे होत नाही, पण मंडळांना, गणेशोत्सवाच्या पोरांना, व्यायामशाळांना होतं.

आणि शाळांना तर नक्कीच होतं. समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी शाळांना वर्षाला अनुदानाची तरतूद आहे: प्राथमिकला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दहा प्राथमिक शाळा धरल्या तर ५०,००० होतात. एका घरानं कॅरमचे साडेतीनशे जास्त दिले काय, न दिले काय, दुकानाला त्यानं फार फरक पडत नाही. दहा शाळांनी मिळून एक यादी केली, दोन-तीन दुकानांचे दर मागवले, आणि दरासोबत "वर्षभर दुरुस्ती कोण करून देणार" हेही विचारलं, तर पडतो. शाळेतला व्हॉलीबॉल पंधरा दिवसांत हवा सोडतो आणि वर्षभर कपाटात पडून राहतो, हे मी माझ्या शाळेत पाहिलं आहे. ब्लॅडर बदलून देणारा माणूस तीस किलोमीटरच्या आत असणं हाही त्या खरेदीचाच भाग आहे. नियमात बसवून दराची तुलना करताना तो मोजला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फ्रान्सनं यावर वेगळाच उपाय केला, तोही पुस्तकांपुरता. १९८१ च्या कायद्यानं तिथे नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कोणत्याही दुकानाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. म्हणजे दुकानांनी भावावर झगडायचंच नाही, निवड आणि सल्ला यावर झगडायचं. लहान दुकानं टिकावीत हाच हेतू होता. घरपोच पाठवणाऱ्यांनी टपालखर्च जवळपास शून्य करून ही भिंत ओलांडली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोच्या आतल्या पुस्तकांच्या मागणीवर किमान ३ युरो पाठवणावळ घ्यावी असा नियम तिथे आला. आपल्याकडे असा कायदा नाही. कॅरम आणि तबल्यासाठी तो यावा असंही मला वाटत नाही, कारण त्याचा भार शेवटी कापूसवाल्याच्याच खिशावर पडेल. पण एका देशानं सल्ल्याला किंमत आहे हे कायद्यात लिहून ठेवलं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

या वर्षी आषाढाच्या आधी महिला मंडळाला चार खंजिऱ्या आणि नवी पेटी घ्यायची होती. शेजारच्या दोन गावांतल्या मंडळांनाही टाळ हवे होते. तिघांनी मिळून यादी केली आणि अर्धे पैसे आधी दिले. सूर पाहायला तिन्ही गावांतून एकेक बाई दुकानात गेली. मोबाईलच्या भावापेक्षा पेटी थोडी महाग पडली. खजिनदार ताईंनी दुकानदाराला सांगितलं की बिलात माल वेगळा लिहा आणि मजुरी वेगळी, म्हणजे मंडळाच्या वहीत चढवता येईल, आणि पुढे नुसती दुरुस्ती आणली तरी तुम्हाला मागता येईल. त्यानं होकार दिला.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा काउंटरवर पुठ्ठ्याचा दरफलक होता. पुडी बदलणे, भाता दुरुस्ती, ग्रिप चढवणे, ब्लॅडर बदलणे, प्रत्येकासमोर स्केचपेननं आकडा लिहिलेला. शेवटची ओळ होती 'तबला सुरात लावणे'. तिच्यासमोरची जागा कोरी होती. मी विचारलं तर म्हणाला, "त्याचं किती लावू, हे अजून समजून नाई राह्यलं सर. कोणाचा पाच मिनिटांत लागते, कोणाचा दुपार खाते. तुमीच सांगा, त्या दिवशी किती वेळ बसलो होतो आपण?"

मी सांगितलं, सव्वातीन तास.